बंदूक, कुंचला आणि कॅमेरा : मेजर गिलचे अजिंठ्यातील आयुष्य

अजिंठा गावात एक साधे थडगे आहे. त्यावरील इंग्रजी लेखात पारो नावाच्या एका स्त्रीच्या मृत्यूची तारीख कोरली आहे : २३ मे १८५६. थडगे बांधणारा मद्रास फौजेतला एक इंग्रज अधिकारी होता. मेजर रॉबर्ट गिल हे नाव मराठी वाचकाला आज ठाऊक आहे, ते प्रामुख्याने या थडग्यामुळे. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य १९८४ साली आले, पुढे २०१२ साली नितीन देसाई यांचा त्याच नावाचा चित्रपट आला आणि गोरा साहेब व गावची मुलगी यांची प्रेमकथा घरोघरी पोचली. कथा हृद्य आहे यात शंका नाही. परंतु तिच्या झगमगाटात त्या माणसाने आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे ज्या कामात घातली ते काम आणि त्या कामाचा झालेला विलक्षण शेवट, दोन्ही झाकोळून गेले. मराठवाड्याने गिलला प्रियकर म्हणून लक्षात ठेवले. तैलरंगातला एक चिवट, एकाकी कामगार म्हणून त्याची ओळख करून घेण्याचे मात्र राहूनच गेले.

शिकारीच्या वाटेने लागलेला शोध

गिलचा जन्म १८०४ साली लंडनला झाला. ऐन विशीत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. त्या काळी हिंदुस्थानात येणाऱ्या इंग्रज तरुणाला तीन गोष्टी येत असत, निदान याव्यात अशी अपेक्षा असे : घोड्यावर बसणे, बंदूक चालवणे आणि थोडेफार रेखाटन करणे. नकाशे, किल्ले, नद्यांचे उतार कागदावर उतरवता येणे ही लष्करी गरज होती. गिलच्या बाबतीत हे रेखाटन गरजेपुरते राहिले नाही. तो चांगला चित्रकार होता. आणि तो पट्टीचा शिकारीही होता. या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात अखेरपर्यंत हातात हात घालून चालल्या.

अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला कळली तीसुद्धा शिकारीमुळेच. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतलाच एक अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीत आला आणि समोरच्या कड्यातील दगडी कमान पाहून थबकला. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख खरडून ठेवली. इतिहासाची पुस्तके याला शोध म्हणतात. वस्तुतः आसपासच्या गुराख्यांना आणि भिल्लांना ती लेणी ठाऊक होतीच. शोध लागला तो युरोपच्या विद्वानांना. अजिंठा गावाशी इंग्रज फौजेचा परिचय मात्र त्याहून जुना होता. १८०३ च्या असईच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांना याच गावात आणून ठेवले होते.

स्मिथनंतर बरीच वर्षे लेण्यांकडे हौशी प्रवासी तेवढे फिरकत. त्यातले काही भिंतीवरच्या चित्रांचे तुकडे आठवण म्हणून खरवडून नेत. वटवाघळे, मधमाश्या, पावसाचे पाणी आणि मुक्कामाला येणाऱ्यांच्या चुलींचा धूर हे आपापले काम करीतच होते. जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने हे पाहिले आणि १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून धोक्याची घंटा वाजवली. ही चित्रे फार काळ टिकणार नाहीत, निदान त्यांच्या प्रतिकृती तरी करून घ्या, असा त्याचा आग्रह होता. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे अर्ज केला. १८४४ साली संचालकांनी तो मानला आणि या कामावर नेमणूक झाली ती कॅप्टन रॉबर्ट गिलची. त्या वेळी तो चाळिशीत होता.

भिंतीवरचे प्राणी

गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहू लागला. तेथून लेणी काही कोसांवर. घाट उतरून जायचे, दिवसभर काम करायचे, अंधार पडण्यापूर्वी परतायचे. सांगायला सोपे असले तरी काम काय होते हे समजून घेतले पाहिजे. सुमारे तीस लेणी घोड्याच्या नालासारख्या वळणाने कड्यात कोरलेली आहेत. त्यातील नववे व दहावे ही इसवी सनापूर्वीची. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे ही वाकाटकांच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. चित्रे आहेत ती आतल्या भिंतींवर, खांबांवर व छतावर. दिवसातला थोडाच वेळ सूर्याचा उजेड तिरपा होऊन आत शिरतो. एरवी सारा काळोख. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. भिंतीच्या जवळ गेले तर चित्र कळत नाही आणि दूर गेले तर दिसत नाही, अशी ती अडचण.

दुसरी अडचण माध्यमाची. अजिंठ्याच्या कलावंतांनी खडकावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि वाळलेल्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग लावले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि दूरदेशाहून आणलेला नीलमणी लाजवर्द, एवढीच त्यांची सामग्री. या रंगांना चकाकी नाही. ते भिंतीत मुरल्यासारखे, शांत दिसतात. गिलच्या हातात होते ते युरोपचे तैलरंग, म्हणजे तेलामुळे चमकणारे, सावकाश वाळणारे, थरावर थर चढवावे लागणारे. पावसाळ्याच्या दमट हवेत ते आणखी उशिरा वाळत. एका प्रकृतीच्या चित्राला दुसऱ्या प्रकृतीच्या रंगात उतरवणे म्हणजे ओवीचा अर्थ आर्येत आणण्यासारखे होते.

आणि अजिंठ्याच्या भिंती उतरवायच्या म्हणजे प्राणी उतरवणे आलेच. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांत बोधिसत्त्व कधी हत्ती होतो, कधी वानरांचा राजा, कधी हंस, कधी हरीण. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात षड्दंत हत्तीची कथा आहे. आंधळ्या आईची सेवा करणारा हत्ती सतराव्यात आहे. पहिल्या लेण्यात शिंगाला शिंग भिडवून झुंजणारे बैल आहेत, तर दुसऱ्याच्या छतावर हंसांची रांग आहे. ज्यांनी ही चित्रे काढली त्यांनी हत्तीला जंगलात, पाणवठ्यावर, कळपात पाहिले होते हे क्षणात कळते. सोंडेचा वळसा, मागच्या पायावर पडलेला भार, कान मागे घेण्याची लकब ही ऐकीव माहितीवर काढता येत नाही. शिकाऱ्याची नजरही नेमकी अशाच गोष्टी टिपत असते. सातमाळ्याच्या डोंगरात वाघांच्या मागे हिंडलेला गिल या भिंतींपुढे उभा राहिला तेव्हा प्राण्यांच्या अंगाची ओळख त्याला नव्याने करून घ्यावी लागली नाही.

यातील विरोधाभास मात्र नजरेआड करता येत नाही. षड्दंताच्या कथेतला हत्ती शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ होऊनही त्या शिकाऱ्याविषयी मनात द्वेष आणू देत नाही. आपले सुळे त्याला देऊन टाकतो. ही कथा सांगणाऱ्या लेण्यांत ज्याने आयुष्य घातले, तोच माणूस कामातून मोकळा झाला की बंदूक घेऊन निघत असे. गिल आपल्या काळाचा माणूस होता. वाघ मारणे हे त्या काळी शौर्यही होते आणि गावकऱ्यांच्या दृष्टीने उपकारही. पण त्या शौर्याची किंमत डोंगरांनी मोजली. पुढे त्या टापूतून वाघ नाहीसा झाला. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले, तेव्हा तेथे बिबटे होते, वाघ नव्हता. २०२१ साली एक वाघ तेथील कॅमेऱ्यात टिपला गेला. तो नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडील, यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला होता. अनेक दशकांनंतर या डोंगरांना वाघ दिसला, तो पाहुणा म्हणून.

काचेवर उतरलेले जंगल

पन्नाशीच्या उंबरठ्यावर गिलने कॅमेरा हाती घेतला. त्या काळातील स्टिरिओस्कोपिक कॅमेरा म्हणजे दोन भिंगांतून एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा घेणारे यंत्र. विशिष्ट दुर्बिणीतून पाहिले की चित्राला खोली येई. रसायने लावलेल्या काचा ओल्या असतानाच वापरायच्या, लगेच धुवायच्या, असे ते जिकिरीचे तंत्र. गिलने त्या तंत्राने अजिंठा, वेरूळ आणि इतर लेणी टिपली. १८६४ साली त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली आणि दोन्हींचा मजकूर फर्ग्युसनने लिहिला. एक लेण्यांविषयीचे होते. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तूंच्या जोडीने वन्य प्राणीही होते. जिवंत जनावर त्या काळच्या संथ कॅमेऱ्यापुढे स्थिर उभे राहणे शक्य नव्हते; म्हणून त्या काचांवर उतरली ती शिकारीत पडलेली जनावरे. छायाचित्रांनी सजलेल्या, हिंदुस्थानविषयीच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत या दोहोंची गणना होते. पुढे लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासह वऱ्हाडातील अनेक जुन्या वास्तूंची छायाचित्रेही त्याने घेतली. आज त्या वास्तूंची दुरुस्ती करताना पूर्वी कोणता दगड कोठे होता हे पाहायला ती उपयोगी पडतात.

तीस डिसेंबर

१८४४ ते १८६३ या काळात गिलने सुमारे सत्तावीस प्रचंड कॅनव्हास पुरे केले. ते गुंडाळून, पेट्यांत घालून बंदरापर्यंत आणि तेथून जहाजाने लंडनला रवाना होत गेले. हे काम कंपनीच्या पैशाने झालेले, तेव्हा मालकी कंपनीची. कंपनी बुडाल्यावर ती ब्रिटिश सरकारकडे गेली. ज्या मुलखातील भिंती उतरवल्या, त्या मुलखात एकही प्रत ठेवावी असे कोणाच्या मनात आले नाही. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण हैदराबादेलाही एखादी प्रत मिळाली नाही.

लंडनजवळ सिडनहॅम येथे लोखंड आणि काचेची एक अवाढव्य इमारत होती. तिचे नाव क्रिस्टल पॅलेस. जगभरच्या कलावस्तूंचे प्रदर्शन तेथे भरलेले असे आणि लोक तिकीट काढून पाहायला जात. गिलची चित्रे तेथे मांडली गेली. ३० डिसेंबर १८६६ रोजी इमारतीच्या उत्तरेकडील भागाला आग लागली. गिलची मांडलेली चित्रे त्या आगीत भस्मसात झाली. चार-पाच कॅनव्हास तेवढे वाचले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ताब्यात आहेत.

जवळजवळ वीस वर्षांचे श्रम एका रात्रीत नाहीसे झाले. गिल त्या वेळी बासष्ट वर्षांचा होता. पारोला जाऊन दहा वर्षे झाली होती. पत्नी आणि मुले यांच्यापासून तो कधीचाच दूर पडला होता. अशा वयात आणि अशा अवस्थेत पुष्कळांनी गाशा गुंडाळला असता. गिलने अजिंठा सोडला नाही. तेथेच राहून तो काम करीत राहिला. एप्रिल १८७९ मध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे जात असताना त्याला मृत्यूने गाठले. त्याची कबर भुसावळला आहे. ज्या गावात त्याने पस्तीस वर्षे काढली, तेथे कबर आहे ती पारोची.

दुसऱ्यांदा तीच चूक

पहिल्या आगीपासून धडा घेतला गेला का, हा प्रश्न विचारायला हवा. १८७२ साली मुंबई सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सकडे नव्याने प्रतिकृती करण्याचे काम सोपवले. पेस्तनजी बोमनजींसारखे त्याचे भारतीय विद्यार्थी तेरा वर्षे अजिंठ्यात राबले आणि सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. ती सारी पुन्हा लंडनलाच गेली. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील साठवणीच्या भागाला आग लागली आणि शंभराहून अधिक चित्रे जळाली. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांची मिळून १६६ चित्रे आज तेथे शिल्लक आहेत. चित्रे नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात मूळ भिंतींवर स्वस्त वॉर्निश फासले गेले आणि त्याचा पिवळा थर पुढे मूळ रंगांनाच बाधला. १९२० नंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, इटालियन तज्ज्ञ बोलावून सुटत चाललेला गिलावा घट्ट बसवण्याचा प्रयत्न केला. याझदानींचे अजिंठ्यावरील सचित्र खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. त्यांच्या प्रती अनेक ग्रंथालयांत गेल्या आणि म्हणून त्या टिकल्या.

या साऱ्या हकिगतीतील उपरोध ध्यानात घेण्यासारखा आहे. भिंतीवरची चित्रे नाशवंत आहेत म्हणून त्यांच्या प्रती केल्या. प्रती सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या जगातील सर्वांत श्रीमंत शहरात नेल्या. जळाल्या त्या प्रती. भिंती मात्र, पुष्कळ खरवडल्या जाऊनही, आज जागेवर आहेत आणि १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर खर्च झाला, श्रम झाले, वस्तूही तयार झाली. पण ती एकाच ठिकाणी आणि एकाच प्रतीत ठेवल्यामुळे सारी गुंतवणूक एका ठिणगीच्या हवाली झाली. व्यापारी आपला सगळा माल एकाच गलबतात भरत नाही. सरकारांना मात्र एवढे साधे शहाणपण दोनदा सुचले नाही. त्या प्रती कलावंताच्या बोटांतून उतरलेल्या होत्या, त्यामुळे पैसे देऊन पुन्हा आणता येण्यासारख्या नव्हत्या. गिलचे हात पुन्हा चाळिशीचे होणार नव्हते.

एक लाभ मात्र आगीतून वाचला. गिलच्या कॅनव्हासनी लंडनच्या रसिकांना आणि विद्वानांना अजिंठ्याची पहिली खरी ओळख करून दिली होती. हिंदुस्थानात उच्च दर्जाची चित्रकला कधी झालीच नाही असे मानणाऱ्यांना विचार बदलावा लागला. ग्रिफिथ्सचे काम, त्याच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्यातून घेतलेले रेषेचे वळण, पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर आलेले नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी, ही सारी मालिका गिलने उघडलेल्या वाटेवरची आहे. वस्तू गेली, पण तिने चालवलेली दृष्टी राहिली.

मराठवाड्याच्या दाराशी

हा सारा इतिहास नांदेड–लातूरच्या वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. औसा तालुक्यातील खरोशाची लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. जांभा मऊ, ऊन, पाऊस आणि वारा त्यावरील शिल्पांचे नाकडोळे दर वर्षी थोडे थोडे पुसत असतात. माहूरच्या पांडवलेण्यांत, देगलूर तालुक्यातील होट्टलच्या मंदिरांवर, निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या भिंतींवर हत्ती आहेत, सिंह आहेत, हंस आहेत. त्यांच्यापुढून शाळेच्या सहली जातात, हारतुरे होतात, फोटो निघतात. मोजमाप घेऊन, तारीख घालून, पद्धतशीर नोंद ठेवणारे हात थोडे. अनेकांची घरे, कागदपत्रे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात क्षणार्धात मातीखाली गेल्या. जे एकाच ठिकाणी असते ते एका धक्क्यात जाऊ शकते, हे या भागाला कोणी लंडनच्या आगीचे उदाहरण देऊन शिकवण्याची गरज नाही.

गिलकडे होते ते अपुरा उजेड, सावकाश वाळणारा रंग आणि एक जड कॅमेरा. आज प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे त्याहून कितीतरी अधिक साधने आहेत. एका शिक्षकाने पाच विद्यार्थी घेऊन एका मंदिराचे एक वर्ष काम केले, प्रत्येक शिल्पाचे छायाचित्र, माप आणि अवस्था नोंदवली आणि त्या नोंदीच्या प्रती गावच्या शाळेत, तालुक्याच्या वाचनालयात आणि विद्यापीठात अशा तीन ठिकाणी ठेवल्या, तर पुढच्या पिढीला कोणत्या आगीची किंवा कोणत्या पावसाची धास्ती बाळगावी लागणार नाही. यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. लागते ती चिकाटी.

अजिंठ्याला जाणारा प्रवासी पारोच्या थडग्यापाशी थांबतो, ते योग्यच आहे. प्रेमाची आठवण ठेवणारा समाज निर्दय नसतो. पण तेथून पुढे घाट उतरून सतराव्या लेण्यात गेल्यावर, भिंतीवरच्या हत्तीकडे पाहताना, त्या अंधारात कधीकाळी कॅनव्हासपुढे उभा राहिलेला एक मध्यमवयीन माणूसही आठवायला हवा. त्याची चित्रे जळून गेली. ज्यांच्या प्रती त्याने काढल्या ते हत्ती आजही तेथे आहेत आणि त्यांना जपण्याचे काम आता कोणा दूरच्या कंपनीचे नाही.